एकरी ४८० रुपये आणि ३१ मार्च: टोमॅटो गटाच्या एकात्मिक कीड व्यवस्थापन अनुदानाचे प्रकरण

जुन्नर तालुक्यातील चौदा टोमॅटो उत्पादक, मिळून २० एकर म्हणजे ८ हेक्टर क्षेत्र. उन्हाळी लागवड ५ मार्चला, माल नारायणगावच्या बाजारात. हा गट नमुन्यादाखल उभा केला आहे. अनुदानाचा दर, मात्रा आणि कागदांची वाट मात्र प्रत्यक्षातली आहे. गटापुढचा प्रश्न साधा दिसतो: फवारण्या कमी करायच्या, त्यासाठी सरकारी अनुदान घ्यायचे. अडचण येते ती तारखांची. अनुदानाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि या पिकाचे किडीचे दिवस त्यानंतर सुरू होतात.

पैसे किती, ते आधी

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत एकात्मिक कीड व्यवस्थापनासाठी हेक्टरी ४,००० रुपये खर्च गृहीत धरला आहे. अनुदान त्याच्या ३० टक्के, म्हणजे हेक्टरी जास्तीत जास्त १,२०० रुपये, आणि एका लाभार्थ्याला ४ हेक्टरपर्यंत. अभियानाचे निकष २०२५ मध्ये सुधारले गेले, त्यामुळे अर्ज भरताना चालू वर्षाचा दर तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावा. इथला हिशेब जुन्या दराने केला आहे. दर बदलला तरी हिशेबाची रीत तीच.

हेक्टरी १,२०० म्हणजे एकरी ४८०. कामगंध सापळे, त्यांत पतंगांना ओढणारी वासाची ल्यूर, चिकट पत्रे, किडींची अंडी संपवणाऱ्या परजीवी माश्यांचे ट्रायकोकार्ड आणि अळ्या मारणारा विषाणू एचएएनपीव्ही असा संच घेतला तर एकरी ४,००० रुपये धरू, निंबोळी पेंड वेगळी. अनुदान त्याचा आठवा हिस्साही नाही. दीड एकरवाल्याच्या खात्यात ७२० रुपये येणार आणि त्यासाठी तालुक्याला दोन-तीन खेपा. निव्वळ रकमेकडे पाहिले तर ही यातायात परवडत नाही, हे गटाच्या पहिल्याच बैठकीत बोलून टाकलेले बरे. नाहीतर अर्ध्या वाटेवर चारजण गळतात आणि सलग क्षेत्र तुटते.

मग अर्ज का करायचा? दोन कारणांनी. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात हा घटक असेल आणि गट त्यात नोंदला गेला, तर ‘आत्मा’ या जिल्ह्याच्या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडून त्याच क्षेत्रावर शेतीशाळा मागता येते. हंगामभर ठरावीक दिवशी प्लॉटवर उभे राहून किडी मोजायच्या आणि तिथेच निर्णय घ्यायचा, ही शिस्त ४८० रुपयांपेक्षा महाग आहे. दुसरे कारण आच्छादनाचे. त्याच अभियानात प्लास्टिक मल्चिंगसाठी २०१४ च्या निकषात हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून ५० टक्के, म्हणजे १६,००० रुपये मिळत. मर्यादा २ हेक्टर. चंदेरी बाजू वर ठेवलेला कागद मावा आणि फुलकिड्यांना बिचकवतो. म्हणजे कीडनाशकाचा धोका कमी करणारी मोठी रक्कम ‘कीड व्यवस्थापन’ या शीर्षाखाली नाही, शेजारच्या शीर्षाखाली आहे. अर्ज करताना हे दोन्ही घटक निवडायचे. फक्त कागद लागवडीच्या आधी अंथरायचा असल्याने त्याची पूर्वसंमती आधी लागते.

कुठली कीड, म्हणजे कुठला खर्च

टूटा ही पिनाएवढी छिद्रे पाडणारी अळी भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती २०१४ मध्ये, पुणे जिल्ह्यातच. बरेचजण तिला नागअळीच समजतात. नागअळीची रेघ पानावर बारीक, वळणावळणाची असते. टूटा पानाचे दोन पापुद्रे सोडून मधला हिरवा भाग खाते, त्यामुळे पसरट, कागदासारखा डाग पडतो आणि उजेडाकडे धरला की आत काळी विष्ठा आणि कधीकधी अळी दिसते. फळावर देठाजवळ टाचणीचे भोक. फळ पोखरणाऱ्या हेलिकोव्हर्पाचे भोक मोठे, गोल, आणि अळी अर्धी बाहेर. या दोन अळ्यांची ल्यूर वेगळी, सापळा वेगळा, उंची वेगळी. अंदाजपत्रकात नुसते ‘कामगंध सापळे २०० नग’ असे लिहिलेले असेल, तर तो अर्ज किडीकडे न बघता केला आहे असे समजावे.

तिसरी बाजू विषाणूंची. २०२० च्या उन्हाळ्यात ‘तिरंगा व्हायरस’ म्हणून जी घबराट झाली, त्या नमुन्यांत काकडीवर्गीय मोझॅक विषाणूही सापडला होता. तो मावा पसरवतो. मावा झाडावर काही क्षण टेकला तरी विषाणू जातो, म्हणून नंतरच्या फवारणीने तो थांबत नाही. रोपे ४० ते ५० मेशच्या जाळीत वाढवणे आणि प्लॉटभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी, यालाच अर्थ आहे. मका लागवडीच्या वेळी निदान गुडघाभर हवा, म्हणजे तो आधी पेरायला हवा. मक्याच्या बियाण्याचे बिल अनुदानात बसवायचा खटाटोप करू नये. रक्कम किरकोळ आणि आक्षेप मोठा.

सामान मोजताना

हेलिकोव्हर्पासाठी एकरी ५ नरसाळे सापळे, म्हणजे १००. टूटासाठी नुसते निरीक्षण करायचे नसून पतंग मोठ्या संख्येने पकडायचे असतील तर एकरी १६, म्हणजे ३२०. पाण्याचा सापळा घरीही होतो: पसरट घमेले, पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब आणि पाण्यावर इंच-दोन इंचावर टांगलेली ल्यूर. हा जमिनीलगत ठेवायचा. नरसाळे सापळा पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर असावा, आणि पीक तारेवर चढेल तसा वर सरकवावा. मे महिन्यात पानांच्या गर्दीत बुडालेले सापळे पाहिले की समजावे, मार्चनंतर त्यांना कोणी हात लावलेला नाही.

अंदाजपत्रकातली नेहमीची चूक म्हणजे सापळे मोजले जातात, बदलाच्या ल्यूर नाहीत. ल्यूर चार-सहा आठवडे टिकते, उन्हाळ्यात पाचच आठवडे धरावेत. २० मार्चला सापळे लागले आणि पीक जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालले, तर साडेतीन महिन्यांत प्रत्येक सापळ्याला तीन ल्यूर. हेलिकोव्हर्पाच्या ३०० आणि टूटाच्या ९६०.

पिवळे चिकट पत्रे एकरी १५. झेंडू टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे एक ओळ. पण टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे असताना झेंडूचे ४५ दिवसांचे हवे, तरच दोन्ही एकदम फुलतात आणि पतंग झेंडूवर अंडी घालतो. ५ मार्चच्या लागवडीसाठी झेंडू २० जानेवारीच्या आसपास टाकायचा आणि टोमॅटो ८ फेब्रुवारीला. रोपवाटिकेत टोमॅटोची रोपे आणायला गेल्यावर तिथला मिळेल तो झेंडू उचलला, तर तो पंधरा दिवस मागे पडतो आणि बांधावरची शोभा होतो.

ट्रायकोग्रामा हेक्टरी ५०,००० एका वेळी. एका कार्डावर साधारण २०,००० परजीवीग्रस्त अंडी असतात, म्हणजे एकरी एक कार्ड. फुलोऱ्यापासून आठवड्याला एक अशी सहा प्रसारणे, म्हणजे सहा वेळा शेतात सोडणे: १२० कार्डे. एचएएनपीव्ही हेक्टरी २५० एलई (अळी-समतुल्य, हे या विषाणूचे माप), दोन फवारण्या: ४,००० एलई.

३१ मार्च

पूर्वसंमती १० फेब्रुवारीला मिळाली असे धरू. तिच्या आधीच्या तारखेचे बिल बाद होते, हे सगळ्यांना माहीत असूनही दरवर्षी कोणीतरी आधी खरेदी करून बसतो. खरेदी, जिओ टॅग फोटो, मोका तपासणी आणि देयक, हे सगळे मार्चअखेर. पण मार्चअखेर पीक २६ दिवसांचे असते. फूल नाही, फळ नाही, ट्रायकोकार्ड लावायला अंडी नाहीत.

इथे गटाने सामानाची विभागणी टिकाऊपणावर केली. सापळे, चिकट पत्रे आणि तिन्ही फेऱ्यांच्या ल्यूर फेब्रुवारीतच घेतल्या आणि त्यावरच अनुदान मागितले. ल्यूर बंद पाकिटात घरच्या फ्रिजमध्ये राहतात. दोन किडींच्या ल्यूर दोन वेगळ्या डब्यांत. खर्च हेक्टरी ४,००० च्या वर गेला की पूर्ण १,२०० मिळतात, त्यामुळे बाकी सामान बिलात नसल्याने एक रुपयाही बुडत नाही. ट्रायकोकार्ड आगाऊ घेताच येत नाही; आठवड्याभरात त्यातून माश्या बाहेर पडतात. एचएएनपीव्ही थंडाव्यात टिकतो, पण मेपर्यंत तो सांभाळायची जबाबदारी कोणावर टाकायची? या दोन गोष्टी गटाच्या वर्गणीतून, एप्रिल-मेमध्ये, ताज्या.

उलट जे गट मार्चमध्ये ‘ट्रायकोकार्ड १२० नग’ असे बिल लावतात, त्यांचे एक तर कार्ड वाया गेलेले असते किंवा आलेलेच नसते. तपासणीला येणाऱ्याला हे कळत नाही असे नाही.

बिलांचे दुसरे त्रांगडे गटखरेदीचे. घाऊक भाव मिळावा म्हणून एकत्र ऑर्डर दिली की दुकानदार गटाच्या नावे एकच बिल करतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे अर्ज मात्र चौदा आणि पैसे चौदा खात्यांत. ऑर्डर एक, बिले चौदा, प्रत्येकावर अर्जदाराचे सातबाराप्रमाणे नाव, असे कोटेशन घेतानाच ठरवावे. शिवाय शेतकरी ओळख क्रमांक एप्रिल २०२५ पासून सक्तीचा आहे. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. आणि पैसे पासबुकची प्रत जोडलेल्या खात्यात न जाता आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. ‘अनुदान आलेच नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी काहींचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

‘जैविक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांबाबत कडक राहावे. बिव्हेरिया, मेटारायझियम, ट्रायकोडर्मा, एचएएनपीव्ही आणि अझाडिरॅक्टिनच्या लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, बॅच आणि अंतिम तारीख असायलाच हवी. क्रमांक नाही आणि अळी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली, अशी बाटली असेल तर आत रसायन मिसळलेले असण्याची दाट शक्यता आहे. ट्रायकोकार्डाला असा क्रमांक नसतो, कारण जिवंत परजीवी कीटक या नोंदणीत येत नाहीत. हा फरक तपासणीच्या वेळी शांतपणे सांगता यायला हवा.

शेतात काय बिघडले

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सहा प्लॉटमधले टूटाचे सापळे रिकामे होते. शून्य पतंग. नोंदवहीत ‘कीड नाही’ असे लिहिले गेले. पाने उजेडाकडे धरली तेव्हा खालच्या पानांवर पसरट डाग होते. सापळ्यात हेलिकोव्हर्पाच्या ल्यूर लागल्या होत्या. दोन्ही रबराचे करड्या रंगाचे खुंट, पाकिटातून काढल्यावर ओळखू येत नाहीत. सापळा शून्य आणि पानावर डाग, असे दिसले की ल्यूर चुकीची किंवा मेलेली समजायची. उपायही साधा: पाकीट फाडायचे ते सापळ्यापाशीच, आणि ते सापळ्याच्या दांड्याला तारीख लिहून बांधायचे. एका किडीची ल्यूर हाताळलेल्या बोटांनी दुसरी धरायची नाही, वास लागतो.

ट्रायकोकार्डांचे पहिले प्रसारण ८ एप्रिलला. कार्डे पुण्याहून आली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीड नियंत्रणावरील अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे. जवळ विचारायचे तर नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र. मागणी पंधरा दिवस आधी नोंदवावी लागते, कारण कार्डे ऑर्डरप्रमाणे तयार होतात. वाकडेवाडीहून एसटीने एप्रिलच्या दुपारी पिशवीतून आणलेले कार्ड म्हणजे भाजलेली अंडी. थर्माकोलचा डबा, बर्फाची पिशवी, आणि बर्फ व कार्ड यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी. कार्डावरची काळपट अंडी म्हणजे आत परजीवी तयार आहे. कार्डावर लिहिलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या. सकाळी लावलेली पट्टी मुंग्या आणि ऊन मिळून संपवतात.

टूटावर ट्रायकोग्रामा अकिई, हेलिकोव्हर्पावर प्रिटिओसम. मागणीपत्रात प्रजाती लिहावी. आणि एप्रिल-मेच्या भर उन्हात या माश्यांकडून खरिपाएवढी अपेक्षा ठेवू नये. पारा चाळिशीकडे गेला की त्यांचे आयुष्य आणि अंडी शोधण्याची ताकद दोन्ही घटतात. पैसे मोजके असतील तर सहाऐवजी पहिली तीन प्रसारणे करावीत आणि उरलेले निरीक्षणाला द्यावेत.

दुसऱ्या प्रसारणानंतर दोन दिवसांनी एका सभासदाने फुलकिड्यांसाठी रासायनिक फवारणी घेतली. त्याच्या प्लॉटची कार्डे गेलीच, वाऱ्याच्या बाजूच्या शेजाऱ्याचीही गेली. त्याला दोष देण्याआधी त्याचा हिशेब पाहावा. कृषी सेवा केंद्र रासायनिक औषध हंगामभर उधार देते, बाजारातून मालाची पट्टी आली की वळते करून घेते. ल्यूर आणि कार्ड रोखीने. म्हणजे हातात पैसे नसतील तेव्हा उपलब्ध असलेला एकमेव उपाय फवारणी असतो. गटाने मग प्रत्येकी थोडी रक्कम आगाऊ जमा केली आणि नियम केला: प्रसारणाच्या आधी व नंतर आठवडाभर फवारणी करायची असेल, तर आधी गटात कळवायचे.

एचएएनपीव्हीची गोष्टही अशीच अधीरपणाची. हा विषाणू फक्त हेलिकोव्हर्पावर चालतो, टूटावर नाही, आणि अळी सेंटिमीटरहून लहान असतानाच. संध्याकाळी फवारायचा, उन्हाने तो निकामी होऊ नये म्हणून कपडे उजळवायची राणीपाल मिसळायची. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच दिसतात. चौथ्या ते सातव्या दिवशी त्या शेंड्याकडे चढून उलट्या लटकतात, फुटतात आणि पांढरट पाणी गळते. तिसऱ्या दिवशी धीर सुटून रसायन मारले, की दोन्हींचा खर्च माथी.

तोडे सुरू झाल्यावर

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला तोडा. त्यानंतर दर तीन दिवसांनी. इथे एक हिशेब निर्णायक ठरतो: ज्या औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ तीन दिवसांहून जास्त, ते तोडे चालू असताना वापरता येत नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी हे अळीनाशक, एकरी ६० मिली, टोमॅटोवर प्रतीक्षा काळ ३ दिवस, जेमतेम बसते. पाच दिवसांचे औषध वापरायचे तर एक तोडा सोडायला हवा, आणि तोडा सोडलेला माल लाल होऊन बाजारात पडतो. म्हणून लांब प्रतीक्षा काळाची औषधे फळ धरण्याआधीच वापरून संपवायची. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर आधीपासूनच बंदी आहे.

फवारायचे की नाही, हे आठवड्यातून दोनदा एकरी २० झाडे तिरकस चालीने बघून ठरवायचे. हेलिकोव्हर्पाची सरासरी झाडाला एक अळी, किंवा दोन टक्के फळे पोखरलेली, किंवा सापळ्यात सलग दोन-तीन रात्री ८ ते १० पतंग. त्याखाली असेल तर नोंदवहीत ‘फवारणी नाही’ असे लिहायचे, तारीख आणि सहीसह.

वळिवाच्या पावसाने करपा येतो तेव्हा बुरशीनाशक टाळता येत नाही, टाळूही नये. फक्त त्याच आठवड्यात बिव्हेरिया किंवा ट्रायकोडर्मा दिले तर ते बुरशीनाशकानेच मरतात. त्या खर्चाला पाणी सोडले असे समजा.

धोका कमी झाला, हे दाखवायचे कसे

अहवालात ‘कीडनाशकाचा वापर अमुक लिटरने घटला’ असे लिहिण्याची पद्धत आहे. ते आकडे फसवे असतात. जुन्या औषधांची मात्रा एकरी कित्येकशे मिली, नव्यांची ६० मिली. एकही फवारणी कमी न करता लिटर कोसळतात. त्याऐवजी फवारण्यांची संख्या, प्रत्येक औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल (सर्वांत विषारी), पिवळा, निळा की हिरवा (सर्वांत कमी), आणि फवारणी ते तोडा यांतले दिवस, हे तीन रकाने पुरेसे बोलके आहेत.

त्यातही धोका कोणाचा, हे वेगळे मांडावे. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करणारे दगावले, तेव्हापासून फवारणाऱ्याच्या मास्क-हातमोज्यांचा विषय निघतो. टोमॅटोत दुसरा माणूसही आहे: आदल्या संध्याकाळी फवारलेल्या झाडांत सकाळी सातला शिरणाऱ्या तोडणीच्या बायका. मनगटापर्यंत पान घासते, आणि संध्याकाळी हात हिरवे-काळे होतात. औषध कुठले, कधी मारले, हे त्यांना कोणी सांगत नाही. गटाने प्लॉटच्या तोंडाशी खडूने लिहायची एक पाटी लावली: औषध, तारीख, तोडा कधी. खर्च नगण्य, कुठल्याही अनुदानात न बसणारा.

अवशेष तपासणीसाठी एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर किमान एक किलो आणि दहा फळे, प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतून. चौदाजणांचा एकच मिसळलेला नमुना देऊ नये. त्यात एकाचे जास्तीचे औषध तेराजणांच्या मालात विरघळते आणि दाखला सगळ्यांना मिळतो. दोन प्लॉट निवडून त्यांचे स्वतंत्र नमुने दिलेले बरे, त्यातला एक सर्वांत जास्त फवारण्या झालेला.

आधारवर्ष ही शेवटची अडचण. मागच्या हंगामात किती फवारण्या झाल्या, हे कोणालाच आठवत नाही, ‘वीस-बावीस असतील’. सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत मात्र तारखेसह सगळे असते. त्या पानांचे फोटो लागवडीच्या आधी घ्यावेत, हंगाम संपल्यावर दुकानदार ते सहजी दाखवत नाही.

पीक काढताना

२०२३ च्या जुलैत नारायणगावला २० किलोच्या क्रेटने २,००० रुपयांचा टप्पा ओलांडला होता. अशा भावात शेवटचे फळही सोडवत नाही आणि फवारणी आठवड्याला दोनदा होते. भाव पडला की उलटे: तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून प्लॉट तसाच उभा सोडला जातो. टूटाला दुसरे काय हवे? जूनअखेर सोडलेल्या एका एकरातून निघालेले पतंग खरिपाच्या नव्या रोपांवर उतरतात आणि ३२० सापळ्यांचे काम फुकट जाते. गटाच्या करारात म्हणून एक कलम ठेवले आहे: शेवटच्या तोड्यानंतर आठ दिवसांत झाडे उपटायची, बांधावर ढीग लावायचा नाही, खड्ड्यात गाडून वर मातीचा जाड थर द्यायचा, आणि सापळे मात्र आणखी तीन आठवडे त्याच जागी चालू ठेवायचे. तिसऱ्या फेरीच्या ल्यूरमधल्या थोड्या त्यासाठीच राखून ठेवायच्या.